मारुतीच्या हारातली अळी

आमच्या गल्लीत कोणी नर्सरीतून नवी कुंडी आणली, की समोरच्या गच्चीवरून कोणीतरी हमखास विचारतं, "ह्याला कोण खातं?" विचारणारा हसतो, कुंडीवालाही हसतो. नव्यानं राहायला आलेल्या माणसाला मात्र काही उमगत नाही. झाडाला कोण खातं म्हणजे काय? ते काय शेपूची भाजी आहे? मग त्याला कोणीतरी चहाला बोलावतं आणि इंदूताईंबद्दल सांगतं.

इंदूताई आता नाहीत. पण तो प्रश्न त्यांचा, आणि या गल्लीत तो पहिल्यांदा मला विचारला गेला, याचा मला थोडा तोराही आहे.

पुंडलिकनगरात आम्ही घर घेतलं तेव्हा मी मोठ्या हौसेनं दारात पामच्या दोन कुंड्या मांडल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी समोरच्या घरातून एक ठेंगण्या, सावळ्या बाई आल्या. सुती पातळ, पदर कमरेला खोचलेला. नव्या शेजाऱ्याकडं माणसं नावगाव विचारायला येतात, या सरळ कुंडीशी जाऊन वाकल्या. पामचं एक पान उलटं करून बघितलं, मग दुसरं बघितलं, आणि मला म्हणाल्या, "ह्याला कोण खातं?"

मला वाटलं, गल्लीत शेळ्या येत असतील. म्हटलं, "नाही हो, कोणी खात नाही."

"कोणीच नाय?"

"कोणीच नाही. नर्सरीवाला म्हणाला, कीडसुद्धा लागत नाही."

"मग ठेवलंय कामून?" असं म्हणून त्या आत आल्या, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसल्या आणि चहात आलं घालायला सांगितलं. आमची ओळख ही अशी झाली.

माहेर त्यांचं पाचोडकडचं, शेतकऱ्याघरचं. तहसील कचेरीत अव्वल कारकून होऊन निवृत्त झालेल्या. कचेरीतल्या बाया निवृत्तीनंतर भजनी मंडळ तरी धरतात नाहीतर गुडघे. इंदूताईंनी झाडं धरली. त्यांचे यजमान, अण्णा, शाळामास्तर होते. वर्गात आयुष्यभर बोलून झाल्यामुळं की काय, घरी फारसं बोलत नसत. काही विचारलं की वर्तमानपत्रामागून उत्तर यायचं, "तिला विचारा."

त्यांच्या अंगणात गुलाब नव्हता, शेवंती नव्हती, हिरवळ नव्हती. फाटकाशी दोन रुया, त्यांच्याशेजारी पिवळ्या फुलांचा तरवड, मग अडुळसा, कढीपत्ता, लिंबू, मागं बोर आणि कोपऱ्यात काटेरी हिवर. कुरिअरवाला नवीन असला की घर बंद आहे समजून परत जायचा. पानापानाची चाळणी झालेली असायची, आणि दुसऱ्या बाया रांगोळी दाखवतात तशी ती चाळणी त्या दाखवायच्या. "बघ, कसं खाल्लंय. गेल्या वर्षी ह्या लिंबाला कुत्रं विचारत नव्हतं."

पाणी त्या झाडाला पहिल्या वर्षी घालत. नंतर बंद. आमच्याकडं नळ किती दिवसांनी येतो हे इथल्या माणसाला सांगायला नको, आणि बाहेरच्याला सांगून खरं वाटत नाही. इंदूताईंचा हिशेब सरळ होता. "इथल्या उन्हाळ्यात जे आपल्या जिवावर जगतं ते इथलं. बाकीचे पाहुणे. पाहुण्याचं चहापाणी करायला माझ्याकडं पाणी नाय."

पान उलटं करून बघायची खोड त्यांना कुठंही आवरायची नाही. भाजीबाजारात त्या कढीपत्त्याच्या जुड्या उलट्यापालट्या करायच्या आणि जी जुडी स्वच्छ असेल ती ठेवून द्यायच्या. "औषध मारलंय हिला." भोकं पडलेली जुडी शोधून काढायच्या आणि भोकांबद्दल भावही कमी करून घ्यायच्या. एकदा वेरूळला दर्शनाला गेलो होतो. मी घृष्णेश्वराच्या रांगेत, आणि या बेलाच्या टोपलीत हात घालून बेलाचं पान न् पान तपासतायत. पुढची बाई म्हणाली, "आजी, आखूड देठाचा शोधताय का?" तर म्हणाल्या, "नाय, अंडी शोधतेय." त्या बाईनं उपवासाच्या दिवशी तोंड कसं केलं ते मला अजून आठवतं.

तर आता मारुती.

आमच्या गल्लीच्या टोकाला मारुतीचं लहानसं देऊळ आहे. शनिवारी तिथं तेल, उडीद आणि रुईच्या पानांचा हार वाहायला रांग लागते. एका शनिवारी आम्ही दोघी गेलो होतो. गुरवकाकांनी कोणाचातरी हार देवाच्या गळ्यात घातला आणि त्यातून एक अळी बाहेर आली. काळे, पांढरे, पिवळे पट्टे, अंगठ्याच्या पेराएवढी. ती शेंदराच्या छातीवरून सावकाश वर निघाली. रांगेतल्या बायका मागं सरकल्या. एकीनं हे शुभ असतं की अशुभ, असं विचारलं. गुरवकाकांनी समईची काडी उचलली.

"काडी खाली ठेवा, काका," इंदूताई म्हणाल्या.

"ताई, देवाच्या अंगावर किडा चढलाय."

"चढू द्या. ज्यानं डोंगर उचलला त्याला अळीचं वजन होतंय व्हय?"

रांग हसली. तेवढ्यात त्यांनी पुढं होऊन अळी पानासकट उचलली, नैवेद्याच्या रिकाम्या डब्यात ठेवली आणि घरी आणून फाटकाच्या रुईवर सोडली. काही दिवसांनी मला हाक मारली. रुईच्या पानाखाली हिरवा कोष टांगलेला, कानातल्या डुलासारखा, त्यावर सोनेरी ठिपके. मग त्यातून केशरी फुलपाखरू निघालं, पंखांच्या टोकाला काळं-पांढरं. दिवाळीच्या आसपास आमच्या गल्लीत ही फुलपाखरं असायचीच, पण ती कुठून येतात हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी हार उतरले की इंदूताई डबा घेऊन देवळाच्या पायरीवर बसायच्या आणि निर्माल्य उपसायच्या. गुरवकाका आल्यागेल्याला सांगत, "लोक देवाला हात जोडतात, ही बाई देवाचा कचरा काढते." इंदूताई मान वर न करता म्हणायच्या, "कचरा नाय, पोरं हायत." हळूहळू काकांनी रुईचे हार वेगळ्या टोपलीत ठेवायला सुरुवात केली. कुरकूर मात्र तशीच चालू ठेवली, नाहीतर हरल्यासारखं झालं असतं.

पण संध्याकाळपर्यंत पानं मरगळायची, अळ्या अर्धमेल्या व्हायच्या, अंडी तर गेलेलीच. म्हणून इंदूताईंनी मोर्चा पान तोडणाऱ्याकडं वळवला. देवळासमोर रफिकभाईंचा फुलांचा गाडा असतो, वडिलांपासूनचा धंदा. हारासाठी ते शनिवारी पहाटे आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेतून रुई तोडत. इंदूताईंनी त्यांना तिथंच गाठलं. दळणाला लवकर निघालेली मी वाटेत सापडले म्हणून साक्षीदार झाले.

"रफिकभाई, अंडी असलेलं पान तोडू नका."

"ताई, ह्या अंधारात पान दिसतंय हेच लई झालं. अंडा कैसे दिखेगा?"

"मग उजेडात या."

"उजेडात तोडू तर हार कधी करू? लोकं सहाला येऊन हुभे राहतेत."

"शुक्रवारी सांजच्याला या. पानं रातभर ओल्या फडक्यात ठेवा, काय होत नाय. मी बघून देते एकेक."

"एकेक पान?"

"एकेक."

रफिकभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी दळणाकडं पाहिलं. पुढच्या शुक्रवारपासून ते संध्याकाळी येऊ लागले. ते तोडायच्या आधी इंदूताई पान उलटं करत; खसखशीच्या दाण्याएवढं अंडं दिसलं की ते पान झाडावरच राहायचं. "सोनार बी सोनं इतकं पारखत नै," रफिकभाई म्हणायचे, पण यायचे. एका शुक्रवारी रुईचा चीक इंदूताईंच्या डोळ्यात गेला. डोळा टम्म सुजला. अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवून सांगितलं, "आता बास कर." पुढच्या शुक्रवारी त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा जुना काळा चष्मा लावून हजर. त्यातून अंडी दिसायची नाहीत, म्हणून पान बघताना चष्मा कपाळावर आणि तोडताना डोळ्यावर, असं त्यांचं चालायचं.

ही मोकळी जागा म्हणजे कॉलनीच्या नकाशातली ओपन स्पेस. पूर्वी तिथं लोक केर टाकायचे. इंदूताईंनी कचेरीतली सगळी वजनं वापरून तो उचलून घेतला, कडेनं बोरीच्या काटेरी फांद्या लावल्या आणि तिथं जे आपोआप उगवत होतं ते उगवू दिलं. जे नव्हतं त्याचं बी पाचोडच्या बांधावरून पदरात बांधून आणलं. रुई, तरवड, बोरी, हिवर अशी दाटी झाली. सातभाई पक्षी कलकलाट करत यायचे, एका शिंजिरानं रुईच्या कापसाचं मऊ अस्तर घालून घरटं केलं होतं. परवानगी त्यांनी कोणाची घेतली नाही. आयुष्यभर लोकांना परवानग्या देऊन दमले, म्हणायच्या.

कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष सोनवणेसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. माणूस वाईट मुळीच नाही. गल्लीतले दिवे, गटारं, सगळं त्यांच्या धावपळीनं झालेलं. त्यांना त्या जागेवर हिरवळ, कडेनं शोभेचे पाम, चालायला पेव्हर ब्लॉक आणि मधोमध कारंजं हवं होतं. गणपतीच्या मंडपात बैठक झाली. साहेबांनी रंगीत चित्र भिंतीला लावलं आणि झुडपात साप निघतात, चिकानं पोरांचे डोळे जातील, हे मुद्दे मांडले. खोटे नव्हते ते.

इंदूताई उठल्या. चित्रातल्या पामवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्याला कोण खातं, साहेब?"

"ताई, बागेत लोक खायला नाही, बसायला येतात."

मंडप हसला. इंदूताई हसल्या नाहीत. "बसा की. माझं काय जातंय. एक कोपरा बसायला घ्या, बाकीचं राहू द्या. माझ्या फाटकाशी दोन रुया हायत, दोन झाडांवर किती पोरं जगतील? आणि ह्या गवताला पाणी कुठलं?"

"टँकर सांगू."

"आपल्याला प्यायला टँकर, गवताला बी टँकर?"

हात वर करायची वेळ आली तेव्हा मात्र इंदूताईंच्या बाजूनं एक मी आणि एक अण्णा. अण्णांकडं त्यांनी बघितलं होतं म्हणून. घरी येताना म्हणाल्या, "हात कमी पडले, एवढंच. मुळं हायत अजून."

त्यानंतर त्या रोज सकाळी काळा चष्मा लावून त्या जागेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसू लागल्या. ठेकेदाराची माणसं यायची, बघायची आणि चहा पिऊन जायची. मग पाचोडला त्यांचे थोरले भाऊ गेले. दहाव्यापर्यंत थांबावं लागलं. त्याच दिवसांत जेसीबी आला आणि एका सकाळीत सगळं भुईसपाट करून गेला. साहेबांनी मुद्दाम तो मुहूर्त धरला असं मला वाटत नाही. पण मी कामावर जाताना तिथली बोर मुळासकट आडवी झालेली पाहिली आणि दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

इंदूताई एसटीतून उतरून घरीसुद्धा गेल्या नाहीत. पिशवी खांद्याला तशीच. उकरलेल्या मातीत उतरल्या, रुईची एक मोडकी फांदी उचलली, पान उलटं केलं. खाली अळी होती, जिवंत. त्या मातीतच बसल्या आणि रडल्या. भावाचं दुःखही त्यात असेल, पण मला ते रडणं सहन झालं नाही. मी म्हणाले, "चिकाचा हात डोळ्याला लावू नका, इंदूताई." त्यांनी माझ्याकडं पाहिलं, हात पातळाला पुसला आणि म्हणाल्या, "पोतं आण."

त्या दिवशी आम्ही अंधार पडेपर्यंत मोडक्या फांद्या गोळा केल्या. अळ्या फाटकाच्या दोन रुयांवर सोडल्या. चार दिवसांत दोन्ही झाडांचे नुसते सांगाडे उरले आणि उपाशी अळ्या भिंतीवर चढू लागल्या. मग अण्णा रोज सकाळी स्कूटर काढायचे आणि बायपासच्या कडेची रुई पोत्यात भरून आणायचे. कोणी विचारलं काय चाललंय, तर स्कूटर न थांबवता म्हणायचे, "तिला विचारा."

शुक्रवारी रफिकभाई रिकामं पोतं घेऊन आले. इंदूताई आणि ते त्या सपाट जागेच्या कडेला बराच वेळ बोलत उभे राहिले. काय बोलले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी गाड्यावर रुईचा एकही हार नव्हता.

सोनवणेसाहेबांच्या पत्नी, मंगलावहिनी, मुलाच्या साडेसातीसाठी शनिवार करायच्या. ताट घेऊन गाड्याशी आल्या. मी मागंच होते.

"रुईचा हार द्या, रफिकभाई."

"रुई नै, मॅडम. साहेबांनी काढली."

"अहो, मग दुसरीकडून आणा ना."

"लांबून आणली तर मरगळून जातेय. देवाला मरगळलेली कशी द्यायची? झेंडू घ्या, ताजा आहे."

रात्रभर ओल्या फडक्यात राहणारं पान बायपासवरून येताना कसं मरगळतं, हे मी विचारणार होते. रफिकभाईंचा चेहरा बघून विचारलं नाही. वहिनी झेंडू घेऊन आत गेल्या. गुरवकाकांनी तो हार घेतला, मारुतीला घातला आणि छताकडं बघत म्हणाले, "देव काही बोलत नाही, पण शनिवार आहे." पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

मी इंदूताईंना गाठलं. "तुम्हीच सांगितलंत ना रफिकभाईंना?"

"मी कामून सांगू? त्याला त्याचं डोकं नाय व्हय?" असं म्हणून त्यांनी काळा चष्मा कपाळावरून डोळ्यावर ओढला. घरात, पंख्याखाली.

हिरवळ झाली, ब्लॉक बसले, कारंजं उद्घाटनाच्या दिवशी उडालं. मग उन्हाळा आला. माणसांनाच टँकर मिळेना, तिथं गवताला कोण देणार? गवत पिवळं पडलं, पाम करपले, आणि ब्लॉकच्या फटींतून राखाडी-हिरवे जाड कोंब वर आले. रुई. जेसीबीनं वरचं नेलं होतं, खोलवरचं मूळ जागेवरच होतं. साहेबांनी माळ्याकडून कोंब छाटून घेतले. ते पुन्हा आले. पुन्हा छाटले, पुन्हा आले. इंदूताई रोज संध्याकाळी फेरी मारायच्या. तिसऱ्या-चौथ्या खेपेला माळी कोयता घेऊन वाकला, तेव्हा मंगलावहिनी पूजेचं ताट घेऊन तिथं उभ्या होत्या.

"आज शनिवार आहे. रुईला कोयता लावायचा नाही."

"मग सोमवारी येऊ?" माळ्यानं विचारलं.

"सोमवारीही नाही."

त्या संध्याकाळी साहेब नकाशा घेऊन इंदूताईंकडं आले. रुईसाठी तीन बाजूंनी पट्टा सोडतो म्हणाले. इंदूताईंनी चौथी बाजू मागितली. "चौथ्या बाजूला गेट आहे, ताई." "मग गेटाच्या दोन्ही अंगाला." साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली. मधल्या पिवळ्या गवताचा विषय त्यांनी काढला नाही, इंदूताईंनीही काढला नाही. पावसाळ्यात तिथं टाकळा आणि तरवड आपोआप माजले.

नंतर इंदूताईंची किडनी बिघडली. मुलानं पुण्याला न्यायचं ठरवलं. परत येण्याचं सगळे बोलत होते, पण अण्णांनी पेपरवाल्याला सांगून वर्तमानपत्र कायमचं बंद केलं तेव्हा मला कळलं. निघायचा दिवस शुक्रवार होता. संध्याकाळी गाडी गल्लीतून निघाली आणि मोकळ्या जागेशी त्यांनी ती थांबवायला लावली. पायांना सूज होती, उतरता येत नव्हतं. काच खाली केली.

रफिकभाई पोतं घेऊन आलेले होते, आणि त्यांच्यासोबत सोनवणेसाहेब. इंदूताई आजारी पडल्यापासून मंगलावहिनी शुक्रवारी पानं बघून द्यायला साहेबांनाच पाठवायच्या. इस्त्रीची पँट, गळ्यात दोरीला वाचायचा चष्मा.

"साहेब," गाडीतून आवाज आला. आवाज बारीक झाला होता, हुकूम तसाच होता. "ते गेटाजवळचं झाड. पान उलटं करा."

साहेब वाकले. एक पान उलटं केलं, सोडलं. दुसरं केलं. चष्मा नाकावर चढवून अजून खाली वाकले. आम्ही सगळे थांबलो होतो, रफिकभाई, मी, पुढच्या सीटवर अण्णा.

"खातायत, ताई," साहेब म्हणाले. मग पान तसंच धरून, त्यांना दिसावं म्हणून, गाडीकडं वळले. "पार जाळी केलीय हो पानाची. काही ठेवलेलं नाही."

इंदूताईंनी ते पान गाडीतूनच नीट बघितलं. मग कपाळावरचा काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मुलाला म्हणाल्या, "चल आता."